दोन टक्क्यांची चूक

आमच्या सौमित्रला एक घाणेरडी खोड आहे. एखादी गोष्ट ठाऊक नसली की हा गप्प बसत नाही, आकडा सांगतो. लहानपणी "जेवलास का रे" विचारलं की म्हणायचा, "साडेतीन चपात्या." ताटात भात असायचा. त्याची आई कौतुकाने हसायची.

आता हा नातू मोठ्या कंपनीत आहे. कंपनी तयार रश्श्याची पाकिटं विकते आणि त्याचा मसाला लालबागला आमच्या डंकावर कुटून घेते. डंक सासऱ्यांनी घातलेला, चालवते मी. हल्ली कंपन्यांना दरसाल सांगावं लागतं म्हणे, आपल्यापायी हवेत किती धूर गेला ते. दिसतो तोही आणि दिसत नाही तोही. नुसता स्वतःचा नाही, ज्याच्याकडून माल घेतला त्याचासुद्धा. ते मोजायला सौमित्रला ठेवलाय. अहवाल पास झाला की नोकरी कायम. त्याच्या आईने सत्यनारायण बोलून ठेवलेला.

परवा सकाळीच डंकावर आला.

"आजी, आज मानसी मॅडम येतील तपासायला. बाहेरच्या आहेत. आपला आकडा बरोबर आहे का विचारतील. तू फक्त हो म्हण."

"कसला आकडा?"

"आपल्या धुराचा. अकरा पूर्णांक सदतीस टन."

"कधी मोजलास? मला कसा दिसला नाहीस?"

"मोजायचं काय त्यात? लाइट बिल घेतलं, गॅसचं घेतलं. मे महिन्याचं. बाराने गुणलं."

मी हातातली मिरची खाली ठेवली. डंकाच्या आवाजात वाढलेलं पोर हे! बायका वर्षाचा मसाला मेमध्ये करून मोकळ्या होतात. पाऊस लागला की आमच्याकडे कुत्रं फिरकत नाही, माणसं बसून पत्ते कुटतात. हे सगळं बघून ह्याने मे महिना बारा वेळा आणला.

"मेल्या, गणपतीत आपला गॅस मंडळाच्या जेवणाला जातो. वरच्या शिंप्याच्या मशिनी आपल्या मीटरवर. ते कुठे धरलंस?"

"तेवढं इकडेतिकडे चालतं गं. आकडा किती चुकू शकतो ते वेगळं लिहायचं असतं. लिहिलंय मी. दोन टक्के."

"दोन कुठून आणलेस?"

"दुसऱ्या कंपनीने दोन लिहिलेत. जास्त लिहिलं तर साहेब म्हणतात, आपल्याला काही येत नाही असं दिसतं."

"मग येतं का?"

तो मोबाइल बघायला लागला.

मला आकडा चुकल्याचा राग नव्हता. माणूस आहे, चुकेल. पण आपण किती चुकलो तेही दुसऱ्याच्या पानावरून उतरवायचं? कॉपी करून नापास होणारी पोरं पाहिली होती, चूकसुद्धा कॉपी करणारा हा पहिलाच.

मानसी आली तेव्हा मी गिऱ्हाइकाशी बोलत होते. करी रोडची नवी सूनबाई मिरची घेऊन आलेली. तिला सांगितलं, "घट आधी ऐकून घे. किलोमागे शंभर ग्रॅम. मिरची दमट निघाली तर दीडशेही जातील, आत्ता नक्की सांगता येत नाही."

"काकी, पलीकडचा डंकवाला तर म्हणतो, घट नाहीच."

"मग तिकडे जा. भाजून कुटून मसाला जेवढ्यास तेवढा परत आला, तर वरचं मीठ की कोंडा तेवढं चाखून बघ."

सूनबाईने पिशवी माझ्या तराजूत ठेवली. मानसी हसली. मग तिने लॅपटॉप उघडला.

"काकू, अकरा पूर्णांक सदतीस टन, चूक फार तर दोन टक्के. तुम्हाला पटतं?"

सौमित्र माझ्याकडे असा बघत होता, जसा शाळेत बाईंनी पालकांना बोलावल्यावर बघायचा. एक हो म्हटलं की पोरगा कायम. पण ह्या गल्लीत माझा शब्द कुणी दुसऱ्या काट्यावर तोलत नाही, आणि तो मी दोन टक्क्यांसाठी घालवणार नव्हते.

"तो मेचा आकडा आहे," मी म्हटलं. "पावसात डंक जवळजवळ बंद. निम्मा असेल, त्याहून कमीही असेल. नक्की मला ठाऊक नाही. ह्याला तर नाहीच नाही."

"एवढंच हवं होतं," मानसी म्हणाली. "आकडा चुकला तर सुधारता येतो. पण सगळेच दोन टक्के लिहितात, मग कोणाचा आकडा कितपत धरायचा तेच कळत नाही. सौमित्र, अहवाल परत पाठवतेय. बाकी माल देणाऱ्यांचेही आकडे असेच काढलेत का, तेही बघावं लागेल."

ती गेली. सौमित्र पायरीवर बसला.

"गेली नोकरी. घरचीच माणसं पाय ओढतात."

"ऊठ आधी, गिऱ्हाइकाची वाट आहे ती," मी म्हटलं. "आणि ऐक सौमित्र. आईला सांग, सत्यनारायण पुढे ढकल. आकडा नव्याने कर. पाऊस धर, मंडळाचा गॅस धर, शिंपी धर, आणि तरी जे कळणार नाही ते अहवालाच्या गुळगुळीत कागदावर 'ठाऊक नाही' म्हणून लिही. ते जमत नसेल तर तुमचा मसाला पलीकडच्याकडून घ्या. त्याच्याकडेही घट नसते, तुमचं चांगलं जुळेल."