सी भरलं, डी रिकामं

माऊसच्या पोटाखालचा तांबडा दिवा... माजघरातल्या कॉम्प्युटरपुढे बसलेल्या सुनेच्या, सुलक्षणाच्या मनगटाखाली तो सरकत होता, थांबत होता, आणि खाटेवर बसून तांदूळ निवडणाऱ्या ठकुबाईचं बोट सुपातल्या खड्यावरून सारखं निसटत होतं. मुलगा धनाजी रानातून आला की ही खाट माजघरातून उचलून मागच्या नव्या खोलीत न्यायची, असं सकाळी सुनेनं सांगितलं होतं. ठकुबाई हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. पार पासली गावापासून लोक सुलक्षणाकडे फॉर्म भरायला येतात — त्यांनी काय उभं राहायचं?

"काय गं मघापासनं टकटक? कोंबडी दाणं टिपल्यावानी."

"मशीन भरलंय, आत्या. कायबी नवं घातलं की न विचारता सी ड्राइव्हमदीच जाऊन बसतंय. आता सांगून ठेवलं, हितनं पुढं समदं डी मदी जायचं. ती बाजू रिकामीच पडलीय."

न विचारता जाऊन बसतंय... ह्या घरात दुसरं काय झालं? नवं पोतं आलं — माजघर. टीव्ही आला — माजघर. हिची लग्नातली पेटीसुद्धा मीच ह्या खाटेखाली सरकवली. तिला कशाला विचारायचं? घर कुणाचं?

"आन् आधीचं जे आत बसलंय, ते गं?"

"ते न्हाई हलत. जुनं तिथंच ऱ्हातं."

"मग उचलून टाक की डीत. हात मोडल्यात?"

"तसं चालत न्हाई, आत्या. त्याचं बारीकसारीक समदीकडं अडकलेलं असतंय. म्या केलं एकदा, उचलून तिकडं टाकलं. दिसतंय तिथं, पर उघडंचना."

दिसतंय, पर उघडंचना... सासूबाई. पडवीत. ह्याच हातांनी मी त्यांचं अंथरूण माजघरातून काढून पडवीत घातलं होतं — धनाजीचा पाळणा टांगायचा होता, तुळई इथलीच भक्कम — आणि मग म्हातारी रोज दिसायची, जेवायची, पण बोलायची नाही. पडवीत त्यांना वारं लई छान लागतंय, असं मी गावभर सांगत फिरले. छान! घास हातात धरून ती आतल्या चुलीकडे बघत राहायची, आणि मला संताप यायचा, काय बघते ही सारखी... चोरी पकडल्यासारखी...

बाहेर धनाजीची मोटरसायकल थांबली. टकटकही थांबली. सुलक्षणा खुर्चीतच वळून बघत होती, खाटेकडे नाही, ठकुबाईकडे.

"आत्या... न्यायची का खाट? तुमी सांगा."

हिनं विचारलं.

ठकुबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं, सकाळपासून परजून ठेवलेलं, चांगलं झोंबेल असं. सुपातला खडा आता बोटांत आला होता. तो तसाच धरून ती पडवीच्या दाराकडे बघत राहिली. तेव्हा मी विचारलं असतं, तर म्हातारी काय म्हणाली असती?