नळीतून आलेला देखणा माणूस

त्याला घरात आणला तो मीच. जहाज सिडनीला माल उतरवत होतं, दुपार मोकळी होती आणि एका म्युझियमच्या दुकानात चार पोस्टरांचा संच दिसला. ऑस्ट्रेलियात गोरे नुकते उतरले होते त्या काळातली, तिथल्या मूळ रहिवाशांची चित्रं. गोऱ्यांच्याच जहाजावरच्या कुणा चित्रकाराने काढलेली. सिंगापुरात सेम्बावांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटच्या भिंती ओक्याबोक्या होत्या, म्हणून घेतली. पोस्टरं गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी बायकोच्या, सुचित्राच्या हातात दिली आणि पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर निघून गेलो. मी सेकंड इंजिनियर. एकदा गेलो की सहा-सात महिने घराचं दर्शन नाही.

परत आलो तर चारांतला एकटाच भिंतीवर. छान लाकडी चौकटीत, काचेआड, जेवणाच्या टेबलासमोर. बाकीचे तिघे अजून नळीतच, कपाटावर. हा तरुण होता. उघडे खांदे, छातीवर मुद्दाम उठवलेल्या व्रणांच्या रेषा, कपाळावर पांढऱ्या मातीचा पट्टा आणि नजर बघणाऱ्याच्या जरा बाजूला. देखणा होता. हे मान्य करायला मला आजही जड जातं.

चित्राचा कुणी मत्सर करतं का? मीही करत नव्हतो, पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसलो, तर सुचित्रा म्हणाली, त्या खुर्चीवर मी बसते, तू इकडे बस. इकडे म्हणजे त्याच्याकडे पाठ करून. बाईसाहेब त्याच्याकडे बघत चहा पिणार आणि मी मारे घरधनी, माझ्यासमोर फ्रिज. मग एकेक गोष्ट डोळ्यात खुपायला लागली. त्याच्या काचेवर धुळीचा कण नव्हता; माझ्या कपाटातल्या बुटांवर बोटभर धूळ होती.

त्यातून ती लायब्ररीत जाऊन त्याच्याबद्दल वाचून आलेली. जेवताना सांगायला लागली, की ते जहाज त्या खाडीत थोडेच दिवस थांबलं, चित्र काढून झालं आणि पुढे गेलं. त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. खाली नुसतं खाडीचं नाव आणि ‘इथला एक रहिवासी’. हे सांगताना तिचा आवाज इतका हळवा झाला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या इंजिनरूमबद्दल तिने कधी एक ओळ वाचलेली नाही.

आमची ऋचा तेव्हा तीन वर्षांची. मी आल्यापासून माझ्याशी हातभर अंतर राखून होती. होईल सवय, म्हणून मी चॉकलेटं पेरत होतो. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर सुचित्राने तिला झोपायला चल म्हटलं. ऋचा आधी भिंतीशी गेली, मान वर केली आणि म्हणाली, “गुड नाइट, बाबा.”

मग माझ्याकडे वळून, अगदी शिस्तीत: “गुड नाइट, अंकल.”

सिंगापुरात मुलांना कुठलाही मोठा पुरुष अंकलच. टॅक्सीवाला अंकल, फळवाला अंकल आणि त्यांच्या रांगेत मी. हातातला ग्लास मी टेबलावर नीट ठेवला, एवढाच माझा संयम.

सकाळी ऋचा नर्सरीत गेल्यावर मी त्याला खिळ्यावरून खाली उतरवला. म्हटलं, पुलाउ उबीन बेटावर काढलेला माझा सायकलवरचा फोटो आहे, तो मोठा करून लाव इथे. सुचित्रा सरळ नाही म्हणाली. मग माझा तोल गेला. याच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही, वगैरे जे नवऱ्याने बोलू नये ते सगळं बोलून झालं. ती कणीक मळत होती. हात थांबले.

“आपल्यात माणसाला चौकटीत घालून भिंतीवर कधी लावतात? गेल्यावर. तू तिकडे समुद्रात. वादळाची बातमी लागली की मी टीव्ही बंद करते. आणि तुझा फोटो खिळ्याला टांगू?”

अल्बम होता ना, मी म्हटलं.

“अल्बम बंद होतो, शैलेंद्र. झोपताना तिला समोर कुणीतरी हवं होतं. हा तू आणलेला, म्हणून लावला. बाबा म्हणायला लागली तेव्हा दोनदा टोकलं. मग टोकवेना.” पुन्हा कणीक मळत म्हणाली, “तिथल्या मूळ लोकांपैकी पुष्कळांत गेलेल्याचा चेहरा असा समोर ठेवत नाहीत. हे मी नंतर वाचलं. तोही मला काय म्हणत असेल कोण जाणे.”

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. नाही विरघळलो. तिची काळजी कळली. पण जागा माझी होती आणि तिथे दुसरा बसला होता. मी चौकट उघडली, त्याची गुंडाळी केली आणि त्याला त्याच्या तीन सोबत्यांकडे नळीत पाठवून दिला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी ऋचा आली. चपला काढून नेहमीसारखी भिंतीशी गेली आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत उभी राहिली. ती भोकाड पसरणार म्हणून मी आइस्क्रीम आणून ठेवलं होतं. ती रडली नाही. आईला म्हणाली, “बाबा गो शिप ऑलरेडी.”

मग माझ्याकडे बघून, “अंकल, यू ऑल्सो गो, इज इट?”

रडली असती तर परवडलं असतं. तिला सवय होती. बाबा म्हणजे आज आहे आणि उद्या नाही, हे तिला तिसऱ्या वर्षीच पाठ होतं. आणि ते त्या माणसाने शिकवलं नव्हतं.

मी नळी खाली काढली. गुंडाळी उलगडताना त्याच्या छातीवर सुरकुती पडू नये म्हणून सुचित्राने कडा धरल्या. त्यालाही पोरंबाळं असतील, तीही कधी अशी उभी राहिली असतील, असं मनात आलं. त्याचं नाव कुणी लिहिलं नाही आणि माझं त्याला मिळालं, यात त्याचा काय दोष? तरीही खिळ्यावर परत चढवताना माझा जळफळाट पुरता गेला नव्हता.

चौकट जरा वाकडी लागली. ऋचाने बोट दाखवलं. मी तिला उचललं आणि या सुट्टीत पहिल्यांदाच तिने मला उचलू दिलं. एक हात माझ्या गळ्यात टाकून दुसऱ्याने तिने चौकट सरळ केली आणि त्याचा चेहरा अगदी जवळून निरखला.

“बाबा कॅनॉट कॅरी मी,” ती म्हणाली. “यू कॅन.”

मी तिला खाली ठेवलंच नाही. हात भरून आले, सुचित्राने जेवायला हाक मारली, तरी तसाच उभा होतो. तो नेहमीसारखा बाजूला बघत होता. माझं म्हणणं, तेवढं एकदा तरी त्याने इकडे बघायला हवं होतं.