बरणीतली बाहुली

बसस्टँडमागच्या रिकाम्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर काचेची बरणी होती, बरणीत काठोकाठ पाणी आणि पाण्यात बोटभर बाहुली तरंगत होती. गावात नव्याने आलेले एक बाबा लोकांचे प्रश्न तिला विचारायचे, बरणीच्या तोंडावर बांधलेल्या मखमलीवर हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. बाहुली तळाशी गेली तर ‘हो’, वरच राहिली तर ‘नाही’. हात उचलला की बाई पुन्हा वर हजर. बाबा म्हणत, ती सत्यलोकात जाऊन उत्तर घेऊन येते. एवढा लांबचा प्रवास, तोही बिनतिकिटाचा! नोकरी, लग्न, हरवलेली अंगठी, सगळ्यांचे निकाल तीच लावत होती, आणि चांगले शिकलेसवरलेले वकीलसुद्धा अक्कल चपलांशेजारी काढून ठेवून रांगेत उभे होते.

पंक्चरवाला मागे भिंतीला टेकून होता. त्याला हसू आलं असतं, पण पुढे त्याची थोरली बहीण नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन बसली होती. पोरीचं शरीर इन्सुलिन बनवतच नव्हतं, तिचा जीव रोजच्या सुईवर होता. काल बाबांनी विचारलं, सुई बंद करायची का? बाहुली बुडाली. त्यामुळे आज सकाळची सुई चुकली होती, आणि पोर ग्लासामागून ग्लास पाणी पिऊन आता आईच्या मांडीवर मलूल पडली होती. भावाने घरी परोपरीने सांगून पाहिलं, तर ताई म्हणाली, तू आपले टायर बघ, नसत्या गोष्टीत नाक खुपसू नकोस.

तो टायरवाल्याच्या नजरेनेच बघत होता. बाबांनी हात ठेवला की मखमल खोलगट व्हायची, त्यांची नखं पांढरी पडायची. पंख्याच्या वाऱ्याने मखमलीची कड उलटली आणि खाली ताणून बांधलेलं काळं रबर दिसलं. मोटारीच्या ट्यूबचं! त्यावरचं गोल ठिगळ तर त्याच्याच हातचं होतं. महिन्यापूर्वी बाबांचा चेला एक जुनी ट्यूब फुकट मागून घेऊन गेला होता. या थोतांडाला आपणच ठिगळ लावून दिलंय हे कळल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो उठून शेजारच्या औषधाच्या दुकानात गेला. डोळ्यांत थेंब घालायची नळी आणि प्लास्टिकची बाटली घेतली, बाटली पाण्याने गच्च भरली, नळीत थोडं पाणी घेऊन ती जेमतेम तरंगेल अशी आत सोडली, झाकण घट्ट लावलं. परत येऊन त्याने ती भाचीच्या हातात दिली.

“दाब,” तो म्हणाला. नळी बुडाली. “आता सोड.” नळी वर आली.

बाबा हसून म्हणाले, हा पोरखेळ आहे, यात सिद्धी नाही.

“मग तुमची सिद्धी हात न लावता दाखवा.”

बाबांनी बाहुली आज दमल्याचं जाहीर केलं. प्रवास लांबचा ना!

पंक्चरवाल्याने सगळ्यांना समजावलं. मखमलीखाली ट्यूबचं रबर आहे, बाबा हात ठेवून तेच दाबतात. बंद पाण्यावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. पाणी दबत नाही, पण नळीतली हवा दबते. ती आकसली की तिच्या जागी पाणी शिरतं, नळी जड होते आणि बुडते. हात काढला की हवा फुगून पाण्याला बाहेर ढकलते. बाहुलीही पोकळ आहे, पायाशी बारीक भोक असणार.

भाचीने बाटली तोंडाशी धरून हळूच विचारलं, “सुई बंद करू?” नळी वरच राहिली.

“आई, नाही म्हणाली बघ,” ती म्हणाली. “पण मी दाबलंच नाही.”

ताईने लेकीला उचललं आणि ती थेट दवाखान्याकडे धावली. डॉक्टरांनी आधी सुई दिली, मग आईला फैलावर घेतलं. आणखी एक दिवस गेला असता तर पोर हाताला लागली नसती.

बाबा आता दुसऱ्या गावी असतील, नवी मखमल लावून. कुणी चमत्कार दाखवायला लागला तर त्याला हात बाजूला घेऊन पुन्हा करायला सांगा. आणि लेकराचं औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. बरणीला मुलं नसतात, तिचं काही जात नाही.