पक्का रंग

पहिली किक मेहुण्याच्या डोळ्यांदेखत मारायची, हे बाबांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. कारणही तसंच होतं. ही जुनी मोटारसायकल मामाच्याच शेडमध्ये वर्षानुवर्षं गंजत पडली होती. ती ढकलत बाहेर काढताना मामा म्हणाला होता, "न्या भाऊजी, खुशाल न्या. उंदरांनाही हवापालट होईल." आणि मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "फक्त हात सांभाळा हं."

तो हात हीच दुखरी जागा होती. बाबा गाड्यांचे रंगारी. मनगटाचं ऑपरेशन झालं, बोटं थरथरू लागली आणि वर्कशॉपच्या मालकानं त्यांना गोड बोलून सामानाच्या खोलीत बसवलं. तेव्हापासून ते दिवसभर बाकीच्या रंगाऱ्यांना रंगाचे डबे काढून द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या गॅरेजमध्ये रंग द्यायचे. सोमवारी याच गाडीवरून कामावर जायचं, ती मालकाच्या दारात उभी करायची आणि आपली स्प्रे गन परत मागायची, असा त्यांचा बेत होता.

गाडीची वाटणी घरात रीतसर झाली होती. सीट आईची; तिच्या शिलाई मशीनवर जाड रेक्झिन शिवताना तिनं सुया मोडल्या आणि प्रत्येक सुईमागे भावाचा उद्धार केला. इंजिन आणि वायरिंग बारकीचं. बारकी म्हणजे घरातली सगळ्यांत उंच व्यक्ती. लहानपणी पडलेलं नाव, ते तिच्याबरोबर वाढलं नाही एवढंच. तिनं भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती, आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तिला झोप येत नसे.

रंग मात्र बाबांचा. गंज घासून चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, त्यांनी नागवी केली, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला, प्रायमर दिला, मग काळ्याचे हात, मग वरून चकाकीसाठी लॅकर. जोडाच्या पट्ट्या, बोल्टची भोकं, सीटखालच्या कोणाला दिसणार नाहीत अशा कडा, काही सोडलं नाही. "दिसतं तिथे कुणीही रंग मारतो," ते म्हणायचे. शेवटी लांब केसांच्या ब्रशनं चासीच्या पुढच्या दांड्यावर सोनेरी रेघ ओढली. पट्टी न लावता, नुसत्या हातानं. पहिल्या काही रेघा पुसाव्या लागल्या. नंतरची टिकली, आणि त्या दिवशी ते जेवताना कारण नसताना हसत होते.

तर रविवारी सकाळी मामा आला, उलट्या बादलीवर बैठक मारून बसला, आणि बाबांनी किक मारली.

काही नाही. दुसरी. तिसरी. इंजिन नुसतं खोकलंसुद्धा नाही.

"भाऊजी, दिसायला मात्र झकास," मामा म्हणाला. "दारात उभी करा. शोभेची म्हणून छान आहे."

"तू आत चल," आई म्हणाली. "मला वरचा डबा काढून दे. एवढा उंच झालायस तो कशाला?"

तिनं भावाला उठवून नेलं. बाबाही घाम पुसत पाणी प्यायला गेले.

बारकीनं प्लग काढून पाहिला. ठिणगी नाही. टेबलावर हेच इंजिन, हीच कॉइल, हीच बॅटरी जोडून पाहिली होती, तेव्हा तर निळी, कडक ठिणगी पडत होती. मग फरक काय? फरक एकच, आता सगळं चासीवर बसलं होतं. तिनं मल्टिमीटरचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं सीटखाली बॅटरीची अर्थिंगची तार चासीला जिथे कसली होती त्या बोल्टाला. काटा जागचा हलेना.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. करंट बॅटरीतून तारेनं जातो, पण परत यायला त्याला वेगळी तार नसते. इंजिन आणि चासीचं उघडं लोखंड हीच त्याची परतीची वाट. आणि या चासीवर उघडं लोखंड बाबांनी नखाएवढं ठेवलं नव्हतं.

तिनं एक सुटी तार घेतली, एक टोक इंजिनाला, दुसरं थेट बॅटरीला. प्लगवर ठिणगी तडतडली.

प्रश्न सुटला होता. तार सीटखालून नेली तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण लपवायचं होतं ते नेमकं बापापासूनच, म्हणून तिचे हात थांबले.

"हे काय लोंबतंय?" बाबा दारात उभे होते.

"जोडतार आहे. तशी गरज नाही, पण..."

"गरज नाही तर कशाला?"

बारकीनं नाक खाजवलं.

"बारके, माझ्याशी खोटं बोलताना तू नाक खाजवतेस. बोल."

तिनं सांगितलं. सगळं, क्रमानं, कारणासकट. दरम्यान आईपाठोपाठ मामा परत आला होता आणि कान टवकारून उभा होता.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "भाऊजींच्या रंगामुळेच गाडी बंद?"

बाबांनी चासीपाशी उकिडवं बसून जोडावरून अंगठा फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग मान वर केली.

"म्हणजे माझ्या रंगातून वीजसुद्धा जात नाही?"

"नाही."

"कुठूनच नाही?"

"कुठूनच नाही. मी मोजलंय."

"ऐकलंस?" ते मेहुण्याला म्हणाले. "मोजलंय तिनं!"

आई हसू लागली ती थांबेचना.

"बाबा, तार राहू दे," बारकी म्हणाली. "चालेल तशीच. इंजिन चासीला जोडणारे मागचे बोल्ट गिअरबॉक्सच्या आड आहेत. घासायचं तर पुढच्या जोडावरच घासावं लागेल, आणि तिथून रेघ जाते."

"माझ्या कामाला ठिगळ? ब्लेड दे."

सीटखालची जागा त्यांनी पटकन मोकळी केली. पुढच्या जोडाशी मात्र ते थांबले. बोल्ट काढला, वॉशर रंगावर धरून त्याच्या कडेनं ब्लेडचं टोक फिरवलं. रेघ तिथून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर होती. हात जरा हलला असता तर लॅकरचा टवका थेट सोन्यापर्यंत गेला असता. मामासुद्धा वाकून बघत होता. बाबांची बोटं सुरुवातीला थरथरली. त्यांनी करंगळी दांड्यावर टेकवली, तिच्यावर भार दिला, आणि पुढे ब्लेड संथ फिरत राहिलं. रंग गोल सालीसारखा उचलून आला. खाली चकचकीत लोखंड, वॉशरच्या मापाचं. कडेला एक टवका नाही.

जोडाच्या मागच्या अंगालाही त्यांनी तसंच केलं, गंज धरू नये म्हणून चिमूटभर ग्रीस लावलं आणि बोल्ट कसला. बारकीनं मोजलं. काटा पार पलीकडे गेला. तिनं जोडतार काढून बाबांच्या हातात ठेवली.

"आई, तू मार किक," ते म्हणाले. लेकीसमोर ते बायकोला आईच म्हणत. "सीट तुझी आहे."

आईनं ओढणी कमरेला खोचली, किकची दांडी हलकेच दाबून पायानं अंदाज घेतला आणि सगळं वजन टाकलं. धडधड सुरू झाली तशी शेल्फवरचे डबे थरथरू लागले. धूर निवळल्यावर आवाज सावकाश, जड, एका लयीत येऊ लागला. कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

मामानं गाडीभोवती एक फेरी मारली. जोडाशी वाकला, चष्मा वर करून पाहिलं, काही सापडलं नाही. मग बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "भाऊजी, माझ्या गाडीचा दरवाजा जरा घासलाय! मागच्या आठवड्यात गेटला! तेवढा बघाल का?"

"इथे नाही!" बाबा तितक्याच मोठ्यानं ओरडले. "सोमवारी वर्कशॉपवर घेऊन ये! आणि नंबर लाव!"