अर्धा सेंटिमीटर

छातीच्या उंचीवर खिळा, खिळ्याला नंबराची पट्टी आणि पट्टीखालून टेप. बावीस वर्षं जंगलातल्या झाडांचा घेर मी असाच मोजत आलो. संशोधन केंद्रात माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि मला त्याचा माज होता.

गेली दोन वर्षं मी वरच्या उताराला फिरकलोच नाही. वादळात खोडं आडवी पडून वाट अडली होती, त्यात माझा गुडघा. जुन्या वहीतले आकडे घेतले, प्रत्येकात अर्धा सेंटिमीटर घातला आणि घरी टेबलाशी बसून तीनशे झाडं वाढवली. एवढ्या वादळानंतर एकही झाड मेलं नाही असं लिहिताना हात अडखळायला हवा होता. नाही अडखळला.

यंदा बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, दोन तक्ते समोर घेऊन बसल्या. जंगलातल्या मनोऱ्यावरचं हवा मोजणारं यंत्र सांगत होतं, की जंगल कार्बन घेतंय त्याहून जास्त सोडतंय. पाऊस नेहमीइतकाच, तरी ओढ्याला पाणी जास्त.

"झाडं मेली की असं होतं," बाई म्हणाल्या. "पाणी प्यायला कुणी उरत नाही, लाकूड कुजत राहतं. पण मामांच्या वहीत तर सगळी झाडं ठणठणीत आहेत. म्हणजे यंत्रच बिघडलंय."

मनोऱ्यावरचं यंत्र आणि ओढ्याची मोजणी, दोन्ही माझ्या भाच्याकडे. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्याला इथे चिकटवला मीच, आणि त्याच्यामुळे सगळे मला मामा म्हणतात.

"दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं," बाई त्याला म्हणाल्या. "सोमवारी दुसरा माणूस येतोय. त्याला सगळं समजावून द्या आणि मोकळे व्हा."

"यंत्र बरोबर आहे, बाई."

"मग मामा चुकले म्हणता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"नाही," तो म्हणाला. "मामांबद्दल माझं काही म्हणणं नाही."

दोन दिवस बहिणीचा फोन वाजत होता, मी उचलला नाही. तिला काय सांगणार होतो? रविवारी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधला आणि वर चढलो.

जिथे भरदुपारी अंधारायचं तिथे लख्ख ऊन पडलं होतं. पडलेल्या खोडांत भुंगेरे वाढले होते आणि तिथून ते उभ्या झाडांत शिरले होते. चाकूने साल खरवडून पाहिली, आत सगळं कोरडं, तपकिरी. पुढच्याचंही तेच. पट्ट्यांवरचे नंबर मला तोंडपाठ होते, त्यांतल्या प्रत्येकाला मी घरबसल्या जिवंत ठेवलं होतं. माझीच मला किळस आली. चाळिसाव्या मेलेल्या झाडापाशी मोजणं सोडून दिलं.

तसाच भाच्याकडे गेलो. तो नव्या माणसासाठी यंत्राची माहिती लिहून काढत होता.

"उद्या सकाळी बाईंना सगळं सांगतो," मी उभ्याउभ्याच म्हणालो. "यंत्र बरोबर आहे. माझे आकडे खोटे आहेत. वर साठ-सत्तर झाडं तरी मेली आहेत."

त्याने पेन खाली ठेवलं.

"एकशे त्रेसष्ट," तो म्हणाला. "मी महिन्यापूर्वीच मोजून आलो, मामा. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून थांबलो होतो."