ओल्या चादरींचं वजन

नव्वद किलोचा बार गेल्या महिन्यात तिनं तीनदा उचलला होता. आज तोच बार जमिनीला असा चिकटून बसला होता, जसा काही साहेब खुर्चीला.

"अजून एकदा," ती म्हणाली.

"बास," मास्तर म्हणाले. व्यायामशाळा त्यांची. साठी उलटलेली, आवाज मात्र तालमीतला. "एकदाच एकदाच म्हणत सात वेळा झालं. बार वाकला तर नवा आणीन. कंबर कुठून आणू?"

"एकोणीस दिवस राहिलेत, मास्तर."

एकोणीस दिवसांनी अग्निशमन दलाची भरती होती. ऐंशी किलोचा भुसा भरलेला पुतळा जमिनीवरून उचलायचा, खांद्यावर टाकायचा, पन्नास पावलं चालायचं. ती चौतिशीची. पुढच्या वर्षी तिचा अर्जच घेणार नव्हते. म्हणजे आत्ता नाही तर मरेपर्यंत इस्पितळाचा धुलाईखाना. अकरा वर्षं तिथं काढून झाली होती. बारावं काढायची तिची तयारी नव्हती.

या महिन्यात बार उठेनासा झाला, तेव्हाच तिनं सरळ हिशेब केला होता: मेहनत कमी पडतेय. आठवड्यातले तीन दिवस पाच केले. तरी उठेना, तर रोज यायला लागली होती. आयुष्यभर तिला एकच औषध ठाऊक होतं, ते म्हणजे "अजून". अंग दुखलं, अजून. थकलीस, अजून. गरिबाला दुसरं औषध कुणी सांगतच नाही.

मास्तरांनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "एक दिवस उचलायचं, एक दिवस सोडायचं. उचलताना अंग झिजतं आणि बांधलं जातं ते आरामात. तू रोज झिजवतेयस. बांधायचं कधी, पुढच्या जन्मी?"

तिनं दात-ओठ खात ऐकलं. एक दिवस आड यायला लागली. नऊ दिवस गेले. नव्वद सोडाच, ऐंशीही उठेना. 

मास्तरांनी डोकं खाजवलं. "आरामाच्या दिवशी काय करतेस?"

"काही नाही. कामावर जाते."

"काम कसलं?"

"चादरी धुते."

"हां, मग ठीक आहे."

इथंच दोघांनी माती खाल्ली. वजन म्हणजे लोखंडाचं, चकचकीत, वर आकडा कोरलेलं. चादरीवर आकडा नसतो. बाईनं कपडे धुतले तर त्याला उचलणं म्हणायची पद्धत नाही. मास्तरांची नाही आणि तिची स्वतःचीही नाही.

धुलाईखान्यात येणारा मळका कपडा काट्यावर चढतो, कारण मशीनमध्ये साबण किती घालायचा ते त्यावर ठरतं. धुतलेला ओला कपडा कुणी तोलत नाही. तो मशीनमधून ओढायचा, ताडपत्रीच्या पिशवीत कोंबायचा, गुडघ्यानं दाबून गाठ मारायची आणि समोरच्या भिंतीपाशी सुकवायच्या मशीनकडे न्यायचा. ढकलगाडीचं चाक पाच वर्षांपूर्वी मोडलं. मुकादमाला नवं चाक मागवायला सवड झाली नव्हती, कारण चाकाच्या जागी ही होती. सगळे तिला "क्रेन" म्हणत. तिला ते नाव आवडायचं. लाडानं ठेवलंय असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तिची पकड सुटायला लागली. पिशवी टेकवायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून तिनं ती रिकाम्या काट्यावर ठेवली. काटा सरसर फिरला आणि एकतीसवर थांबला.

ती बघतच राहिली. दिवसाला अशा चाळीस पिशव्या. एक हजार दोनशे चाळीस किलो. आणि हा तिचा आरामाचा दिवस!

"मावशी, ही पिशवी एकतीस किलोची आहे."

घड्या घालण्याच्या टेबलाशी बसलेल्या मावशींनी मान वर केली नाही. "मग तुला काय वाटलं, कापूस आहे?"

"कापूसच आहे की."

मावशी हसल्या, पण थोडंच. "चार वर्षांपूर्वी मी पिशवी अर्धी न्यायचे. आठवतंय? तूच म्हणालीस, मावशी, घरून जेवून येत नाही का? सगळे खो खो हसले. मग मीही भरून न्यायला लागले. आता पाठीला पट्टा बांधून इथं बसते."

तिला आठवत होतं. तो टोमणा मारताना आपण किती खूश होतो, तेही आठवत होतं.  तिनं काट्यावरच्या पिशवीची गाठ सोडली आणि निम्म्या चादरी बाहेर काढल्या.

संध्याकाळी व्यायामशाळेत ती बारकडे गेलीच नाही. तक्त्यासमोर उभी राहिली.

"हा तक्ता कुणासाठी लिहिलाय, मास्तर?"

"म्हणजे?"

"बाराशे किलो उचलून आले मी आज. काट्यावर बघितलंय. यात ते कुठं लिहायचं?"

मास्तरांनी तक्त्याकडे पाहिलं. मग खाली बसले. "दिवसभर बसून काम करणाऱ्यांसाठी लिहिलाय," ते म्हणाले. "चूक माझी. तुला विचारलं खरं, पण ऐकलं नाही."

"मग तसं वर लिहा ना मोठ्या अक्षरात! फुकट नऊ दिवस घालवलेत माझे."

"ओरड, ओरड. हक्क आहे तुझा." त्यांनी स्वतःचा कान पकडला. "आता ऐक. आठवडाभर इकडे फिरकायचं नाही. व्यायाम तुझा तिकडेच होतोय, नको इतका. पिशवी अर्धी भर. जेव आणि झोप."

अर्धी पिशवी म्हणजे दुप्पट खेपा. मुकादम पहिल्याच तासाला आला.

"काय क्रेन, गंज चढला का?"

"चढला. अकरा वर्षांत तेल कधी घातलंत?"

टेबलाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. मुकादम पाय आपटत गेला. दुपारपर्यंत आणखी दोघींनी पिशव्या अर्ध्या भरायला सुरुवात केली. कपडा तेवढाच सुकला आणि दाबून गाठी मारण्यातला वेळ वाचल्यानं एकूण वेळही जवळपास तेवढाच लागला. इतकी वर्षं सगळे कुणासाठी गुडघ्यानं दाबत होते कुणास ठाऊक.

आठव्या दिवशी ती व्यायामशाळेत गेली. सत्तर उचललं, ऐंशी उचललं. नव्वदला बार क्षणभर अडला आणि मग वर आला. सरळ, गुमान.

"अजून—"

"जीभ हासडीन," मास्तर म्हणाले. "परीक्षेपर्यंत लोखंडाला हात लावायचा नाही."

भरतीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या पाळीतल्या दोघीजणी येणार नव्हत्या. पाळी सुटायला पाच मिनिटं असताना मुकादम दारात आडवा आला. "आज दुसरी पाळीही तुलाच करायचीय."

अकरा वर्षांत तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. तोंडाला सवयच नव्हती.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. मला घरी जाऊन झोपायचंय."

"आजारी आहेस का?"

"नाही."

"मग झोपायचंय कशाला? इथं माणसं खोळंबलीत आणि हिला झोपायचंय! सोमवारी बघतो तुला."

"बघा. त्याआधी ढकलगाडीचं चाक बघा."

घरी नवरा शिवणयंत्रावर बसला होता. शिंपीकाम तो घरातच करायचा. भर दुपारी बायको आली आणि सरळ आडवी झाली, हे बघून त्याचा पाय थांबला.

"काय गं, बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग?"

"बरंच राहावं म्हणून पडलेय."

पडायला सोपं वाटलं होतं, पण अंगाला पडणं माहीतच नव्हतं. हात काम शोधत होते. छातीत काहीतरी चोरल्यासारखं धडधडत होतं. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच गादीवर. कुणी शिकवली ही लाज? ज्यानं शिकवली तो या घटकेला कुठंतरी गाढ झोपला असेल.

"अगं, पण भांडी?" नवऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"उद्या."

"उद्या तर तुझी परीक्षा."

"मग परवा. नाहीतर तुम्ही घासा."

 मग खुर्ची सरकली, नळ सुटला. आत एक ताट दणकन पडलं, त्यापाठोपाठ दुसरं.

ती उठली नाही.