मागची गल्ली

ह्या वस्तीत एक जुनं खूळ होतं. सभेत जो तोंड उघडेल, त्याच्याच गळ्यात ते काम पडायचं. गटाराबद्दल बोललात? मग उपसायला माणसं तुम्हीच आणा. त्यामुळे सभेला गर्दी व्हायची खरी, पण सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

शिवणकाम करणारी ताईही इतकी वर्षं तशीच बसत आली होती. आज मात्र घरी नवरा नाकाला नळी लावून पडला होता. फुफ्फुसं पार गेलेली. विजेवरचं मशीन हवा देतंय तोवर माणूस आपला, एवढंच काय ते खरं.

अध्यक्ष म्हणजे औषधाच्या दुकानाचे मालक. त्यांनी आधी महागाईचा विषय घेतला. पाव महागला, तेल महागलं, भाडी वाढली; जसं काही कुणाला ठाऊकच नव्हतं. मग बागेतले नवे बाक झाले, रस्त्यावरचे दिवे झाले. शेवटी खरं दुखणं निघालं. वीज पुरत नव्हती. तीन गल्ल्यांपैकी एकीने रोज संध्याकाळी अंधारात बसायचं, म्हणजे बाकीच्यांची टिकेल आणि बिलंही आवाक्यात राहतील.

"मधली गल्ली घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "कुणाची हरकत?"

मधली म्हणजे तिची. तिने हात वर केला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"आमच्या घरी आजारी माणूस आहे, मशीनवर. बॅटरी घ्यायची ऐपत नाही. आमची गल्ली नको."

लोकांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हायसं वाटलं. एकदाचं कुणीतरी बोललं होतं.

"बरोबर आहे तुमचं," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले. "मग दुसरी कुठली घ्यायची, ते तुम्हीच सांगा. विषय तुम्ही काढलात."

"मी कशी सांगू?"

"नाहीतर मधलीच ठेवू."

तिने समोर पाहिलं. पुढच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं हाताची घडी घालून तिच्याकडे बघत होती. त्यातल्या निम्म्यांचे कपडे तीच शिवायची. मागच्या गल्लीतलं मात्र कुणीच आलं नव्हतं. ती माणसं ह्या वेळी कारखान्यात असायची. तिची धाकटी बहीणही त्यांतच. आई येईपर्यंत बहिणीची दोन्ही लेकरं आतून कडी लावून एकटीच बसायची. हे सगळं ताईला पक्कं माहीत होतं.

"मागची," ती म्हणाली.

भराभर हात वर झाले. अध्यक्षांनी तिचे आभार मानले आणि तिकडे कळवायचं कामही तिच्याच माथी मारलं.

ती गेली तेव्हा बहीण नुकतीच कामावरून येऊन चपला काढत होती. मुलं दिव्याखाली अभ्यास करत होती.

"ताई? ह्या वेळी कशी तू?"

"उद्यापासून संध्याकाळी तुमची वीज जाणार." तिला रडू येत होतं, तरी तिने पुढचंही सांगितलं. "नाव मी घेतलं. नाहीतर आमची गेली असती गं."

बहिणीने मुलांकडे बघितलं. मग तिने विचारलं, "भावोजींचं मशीन चालेल ना?"

"चालेल."

"मग झालं तर." तिने दाराला हात लावला. ताईला ती 'बस'सुद्धा म्हणाली नाही. "जा तू. एकट्या माणसाला असं सोडून येऊ नये."